हेडलाईट पांढरी घ्यावी की पिवळी? बेळगाव, खानापूर, निपाणीच्या रस्त्यांसाठी केल्विनचा हिशोब

बेळगावात गाडीच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात हेडलाईटचा बल्ब मागितला की पहिला प्रश्न येतो, "बिळी बेका, हळदी बेका?" पांढरा हवा की पिवळा. मराठीत बोललात तरी प्रश्न तोच. मग काउंटरवरचा पोरगा दोन खोकी पुढं ठेवतो. एकावर ३२०० छापलेलं, दुसऱ्यावर ६५००. "काका, ह्याचा पॉवर डबल आहे बघा." आपण मोठा आकडा उचलतो. मीही उचलला होता.

त्याच जुलैत गोव्याहून चोर्ला घाट चढून परत येत होतो. रात्रीचे साडेनऊ. कणकुंबीच्या आसपास ढग रस्त्यावरच उतरलेला, वर पावसाची झिमझिम. माझ्या नव्याकोऱ्या एलईडीनं समोर धोतर वाळत घातल्यासारखा पांढरा पडदा उभा केला. रस्त्याची कड दिसेना, वळण कुठं सुरू होतंय ते कळेना. अप्पर मारला तर पडदा आणखी घट्ट. शेवटी मागून एक दुधाचा टेम्पो आला, त्याला पुढं जाऊ दिलं आणि त्याच्या मागच्या लाल दिव्यांवर नजर ठेवून जांबोटीपर्यंत पंचवीसच्या वेगानं आलो. त्याच्या पुढच्या लाईटी जुन्या, पिवळट होत्या. तो मात्र बिनघोर चालवत होता.

घरी येऊन दुसऱ्या दिवशी जुने बल्ब परत बसवले. दोष रंगाचा किती आणि फोकसचा किती, हे कळायला मात्र पुढं बरेच दिवस गेले. जे कळलं ते इथं क्रमानं मांडतो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण रंग निवडणं हे यातलं शेवटाकडचं काम आहे आणि आपण सगळे तिथूनच सुरुवात करतो.

आधी तो आकडा कशाचा ते समजून घ्या

खोक्यावरचा केल्विनचा आकडा उजेड किती हे सांगत नाही, उजेडाचा रंग कोणता एवढंच सांगतो. लोहाराच्या भट्टीत लोखंड तापताना बघा: आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळं, आणखी तापलं तर पांढऱ्याकडे झुकलेलं. कोणत्या तापमानाला कोणता रंग दिसतो त्याची ही मोजपट्टी. मेणबत्ती १९०० च्या आसपास, घरातला जुना पिवळा बल्ब २७००, गाडीचा साधा हॅलोजन ३२०० च्या जवळपास, भर दुपारचं ऊन साधारण ५५००. त्याच्या वर गेलात की पांढऱ्यात निळा मिसळू लागतो. ८००० ला तर उघड निळसर.

आता गंमत बघा. हॅलोजन बल्बमधली तार टंगस्टनची असते आणि ती खरोखरच तापून उजेड देते. टंगस्टन ३६९५ केल्विनला वितळतं. म्हणजे तारेच्या बल्बमधून ५००० केल्विनचा उजेड निघणं शक्यच नाही, त्याआधी तारेचं पाणी होईल. मग दुकानात "५००० के सुपर व्हाईट हॅलोजन" कुठून येतो? काचेला निळा मुलामा दिलेला असतो. तो मुलामा पिवळा-लाल भाग अडवतो आणि उरलेला उजेड पांढरा दिसतो. बल्ब वीज तेवढीच खातो, गरम तेवढाच होतो आणि रस्त्यावर उजेड कमी टाकतो. पैसे जास्त मोजून आपण काळा चष्मा विकत घेतो, तोही गाडीसाठी.

उजेड किती ते लुमेनमध्ये मोजतात. एच४, एच७ ही बल्बच्या मापांची नावं. साध्या एच४ बल्बचा अप्पर १६५० लुमेनच्या आसपास, डिपर १००० च्या आसपास. एच७ साधारण १५०० चा. हे आकडे डोक्यात ठेवले की "२०,००० लुमेन" असं छापलेलं खोकं दिसल्यावर हसू येईल. एलईडीच्या चिपचा प्रयोगशाळेतला कमाल आकडा घ्यायचा, चिपांच्या संख्येनं गुणायचा, वर दोन बल्बांची बेरीज करायची, असा तो हिशोब असतो. बल्ब तापल्यावर त्यातलं किती उरतं आणि बल्बमागच्या चकचकीत रिफ्लेक्टरमधून रस्त्यावर किती पोचतं, ते खोक्यावर नसतं.

आपला रस्ता कोणता, ते लिहून काढा

हसू नका, खरंच कागदावर लिहा. रात्री महिन्यातून किती वेळा आणि कुठं जाता? सीमाभागात पन्नास किलोमीटरच्या आत रस्त्याची जात बदलते. पुण्या-मुंबईचे सल्ले इथं तसेच्या तसे चालत नाहीत, त्याचं कारण हेच.

राष्ट्रीय महामार्ग ४८ वर, म्हणजे निपाणी, संकेश्वर, बेळगाव, कित्तूर असं जाणाऱ्याला दुभाजक मिळतो, पांढरे पट्टे मिळतात, चकाकणारे फलक मिळतात. तिथं जवळपास कुठलाही चांगला पांढरा उजेड चालतो. अडचण येते ती तवंदी आणि वंटमुरीच्या घाटात पाऊस असताना. ओल्या डांबरावर आपला उजेड आरशासारखा पुढं निसटून जातो, समोरच्याच्या डोळ्यात जातो, आपल्याकडे परत येतच नाही. पट्ट्यांच्या रंगातले चमकणारे काचेचे बारीक मणी पाण्याखाली बुडतात, म्हणून पट्टेही गायब. अशा वेळी ६५०० लावा नाहीतर ३२००, डांबर काळंच दिसतं. तरी पिवळसर उजेडात रस्त्याची कड आणि खड्ड्यातलं पाणी थोडं वेगळं उठून येतं, असा माझा आणि बऱ्याच ड्रायव्हर मंडळींचा अनुभव आहे.

जांबोटी-कणकुंबी-चोर्ला, रामनगर-अनमोड, आणि चंदगडकडून आंबोली हे घाट म्हणजे वेगळा विषय. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते ती काही उगीच नाही, पाऊसच तसा आहे. जून ते सप्टेंबर तिथं ढग, धुकं आणि पाऊस एकत्र असतात. खानापूरच्या जंगलपट्ट्यात गवाही रस्त्यावर येतो. तपकिरी-काळा, हजार किलोच्या आसपासचा, आणि उभा राहिला की हलत नाही. त्याचे डोळे चमकले तर नशीब. तोंड पलीकडे असेल तर दिसतो तो फक्त एक काळा ढीग.

इथं रंगाचा खरा मुद्दा येतो. हॅलोजनच्या उजेडात लाल-तपकिरी भाग भरपूर असतो. बाजारातल्या स्वस्त, थंड पांढऱ्या एलईडीत निळा भरपूर आणि लाल कमी. खानापूर बाजूची साईडपट्टी तांबड्या मातीची, म्हैस तपकिरी, गवा तपकिरी, वाळकं गवत तपकिरी. ज्या रंगाची वस्तू तो रंग उजेडातच कमी असेल तर ती वस्तू करडी पडते आणि मागच्या काळोखात मिसळून जाते. फलक मात्र लखलखतात, म्हणून आपल्याला वाटतं लाईट जबरदस्त आहे.

तिसरा रस्ता उसाचा. चिकोडी, रायबाग, अथणी, संकेश्वर, इकडं निपाणी आणि चंदगडची हद्द. ऑक्टोबर-नोव्हेंबरात साखर कारखाने सुरू झाले की रात्रभर ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, आणि मागच्या ट्रॉलीला बहुतेकदा दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. उसाची पाचट लोंबत असते, ती तर रिफ्लेक्टर असला तरी झाकून टाकते. या ट्रॉलीसाठी केल्विनपेक्षा वेगाचा हिशोब करा. ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. डोळ्यांनी बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर गेले, कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ३५ च्या आसपास. झाले ६८. डिपरमध्ये गडद रंगाची वस्तू ५०-६० मीटरवर दिसली तरी पुष्कळ. म्हणजे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. ताशी ६० ला हाच हिशोब ४५ मीटरच्या आसपास बसतो. दुप्पट लांबचं दिसायला उजेड चौपट लागतो, त्यामुळे बल्ब बदलून ही तूट भरून निघत नाही.

चौथा, शहरातला: टिळकवाडी, कॅम्प, शहापूर, वडगाव. तिथं रस्त्यावर दिवे आहेत, काहीही लावा, फक्त समोरच्याला आंधळा करू नका.

बल्ब बदलण्याआधी आहे ती लाईट तपासा

माझा उलटा प्रवास इथूनच सुरू झाला. खानापूरच्या आमच्या ओळखीच्या एका वायरमन मेस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी बल्बला हातही लावला नाही. मल्टिमीटर काढला, इंजिन चालू, लाईट चालू, होल्डरच्या पिना तपासल्या आणि म्हणाले, "बल्ब काय करतोय वो त्यात? करंटच पोचत नाही."

हा भाग जुन्या गाडीवाल्यांनी सोडू नये. बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाईटची पूर्ण वीज स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येते. पंधरा वर्षांत तारा, जोड, स्विच सगळे थकतात. बॅटरीला १४ व्होल्ट आणि होल्डरला साडेबारा, असं सर्रास सापडतं. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजबरोबर सरळ कमी होत नाही, धडाधड पडतो: व्होल्टेज ५ टक्के कमी तर उजेड साधारण १६ टक्के कमी, १० टक्के कमी तर उजेड ३० टक्के कमी. रंगही पिवळा पडतो. आपण म्हणतो, "पिवळी लाईट, काही दिसत नाही," आणि पांढरा बल्ब आणतो. खरं तर हवी असते रिलेची वायरिंग. रिले म्हणजे थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीकडून फ्यूज लावून जाड तार, दोन रिले, चिनी मातीचे होल्डर, एवढंच. बॅटरी आणि होल्डर यांच्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर आधी हे काम करा.

एक इशारा: रिले बसवली म्हणून १००/९० वॅटचे बल्ब घालू नका. मूळ बल्ब ६०/५५ चा असतो. त्या उष्णतेनं रिफ्लेक्टरचा चंदेरी मुलामा करपतो, काच पिवळी पडते आणि वर्षभरात उजेड आधीपेक्षा कमी होतो.

दुसरी तपासणी काचेची. आजकाल ती काच नसते, पॉलिकार्बोनेट असतं आणि उन्हानं धुरकट पिवळं पडतं. दिवसा समोर उभं राहून आतला बल्ब स्पष्ट दिसतो का बघा. दिसत नसेल तर ओल्या पॉलिश पेपरनं घासावं लागेल: ८०० किंवा १००० पासून सुरू करून २०००, मग ३०००, शेवटी पॉलिश. त्यावर अतिनील किरण अडवणारं कोटिंग हवंच, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात परत तेच. टूथपेस्टनं घासलेली काच दोन आठवडे चमकते, गाडी विकायची असेल तर ठीक.

तिसरं: तुमची लाईट रिफ्लेक्टरची आहे की प्रोजेक्टरची? समोरून बघितल्यावर बल्बसमोर भिंगासारखा गोळा दिसला तर प्रोजेक्टर. हे माहीत असल्याशिवाय पुढं जाऊ नका.

आता रंग निवडा

हॅलोजनच वापरणार असाल तर निवडायला फार काही नाही. निळा मुलामा नसलेला, स्वच्छ काचेचा, ३२०० च्या आसपासचा नावाजलेल्या कंपनीचा बल्ब घ्या आणि बल्बच्या बुडाशी वर्तुळात ई अक्षर आणि आकडा कोरलेला आहे का ते बघा. "१०० टक्के जास्त उजेड" म्हणणारे चांगले बल्ब खरोखर थोडं लांबवर टाकतात, पण त्यांची तार बारीक आणि जास्त तापलेली असते, म्हणून लवकर जातात. घाटात वारंवार जाणाऱ्यानं घ्यावेत आणि डिकीत जोड ठेवावी. रोज निपाणी-कोल्हापूर करणाऱ्यानं साधेच घ्यावेत. दोन्ही बाजूंचे एकदमच बदला. काचेला बोट लावू नका, हाताचं तेल तिथं भाजतं आणि काच फुटते.

प्रोजेक्टर असेल आणि एचआयडी (तारेऐवजी वायूतल्या ठिणगीनं उजेड देणारा बल्ब) घालायचा असेल तर ४३००. कारण साधं आहे. गाडीच्या कंपन्या कारखान्यात बसवतात त्या एचआयडीचा रंग ४३०० च्या आसपास असतो आणि त्या ३५ वॅटमधून जास्तीत जास्त उजेड तिथंच निघतो, साधारण ३२०० लुमेन. ६००० चा एचआयडी बल्ब तेवढ्याच विजेत कमी देतो, ८००० चा आणखी कमी. आकडा चढतो तसा उजेड उतरतो, म्हणजे दुकानातल्या पोराच्या गणिताच्या बरोबर उलट. रिफ्लेक्टरमध्ये एचआयडी मात्र कुणीही घालू नये. युरोपात २००० लुमेनपेक्षा जास्त उजेडाच्या डिपरला काच धुणारा फवारा आणि आपोआप उंची जुळवणारी यंत्रणा लागते. आपण तीच लाईट उघड्या रिफ्लेक्टरमध्ये घालून, मागं पोत्यांनी भरलेली गाडी घेऊन निघतो.

एलईडीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण आता विक्री तिचीच आहे. बाजारात ६००० आणि ६५०० चा ढीग असतो. ४३०० किंवा ५००० मागितलं तर दुकानदार आधी नाक मुरडतो, मग आतून काढून देतो. घाट, पाऊस, गावाकडचे रस्ते यासाठी ४३०० घ्या. फक्त हायवे आणि शहर असेल तर ५००० पर्यंत हरकत नाही. ६००० च्या वर मी कुणालाही सांगत नाही. निळा प्रकाश डोळ्यात जास्त विखुरतो, त्याचा फोकस डोळ्यातल्या पडद्याच्या थोडा अलीकडे पडतो आणि समोरच्याला तो टोचतो. पन्नाशीच्या पुढं डोळ्याचं भिंग पिवळं-धुरकट होऊ लागतं, तेव्हा हा त्रास वाढतो. घरातले थोरले रात्री गाडी चालवणार असतील तर त्यांनाच शेजारी बसवून दोन्ही रंग दाखवा आणि त्यांचं ऐका. तरुण मुलाला ६५०० छान वाटतं, कारण अंधुक उजेडात डोळा निळ्याकडे जास्त ओढला जातो आणि प्रखर वाटतं. प्रखर वाटणं आणि लांबचं दिसणं यात फरक आहे. बोनेटच्या पुढचे दहा मीटर लख्ख उजळले की बाहुली आकसते आणि पुढचा काळोख आणखी काळा होतो.

धुक्यासाठी पिवळी, ही अर्धी गोष्ट

"पिवळी लाईट धुकं फाडते" असं सगळे सांगतात आणि कारण देतात आकाशाच्या निळेपणाचं. ते कारण इथं लागू नाही. आकाश निळं दिसतं ते हवेच्या रेणूंमुळे, जे प्रकाशाच्या लहरीपेक्षा कितीतरी लहान असतात. धुक्याचा थेंब १०-२० मायक्रॉनचा, प्रकाशाची लहर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. एवढ्या मोठ्या थेंबाला निळा काय नि पिवळा काय, तो सगळेच रंग सारखे उधळतो. तरीही पिवळ्याचा फायदा होतो, तो डोळ्यामुळे: निळा भाग काढून टाकला की परत येणारी झळ कमी टोचते आणि पडद्याच्या आरपार बघणं सुसह्य होतं. फ्रान्समध्ये १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९३ पर्यंत गाड्यांना पिवळ्या हेडलाईट सक्तीच्या होत्या, नंतर तो नियम सुटला.

धुक्यात खरं काम करते ती जागा. फॉग लॅम्प बंपरमध्ये खाली असतो, त्याचा झोत रुंद आणि वरून सपाट कापलेला असतो. डोळा आणि दिवा यांच्यात अंतर जितकं जास्त तितका पडदा विरळ. म्हणून माझं मत असं की हेडलाईट ४३०० च्या आत ठेवा आणि पिवळा रंग फॉग लॅम्पला द्या, २५०० ते ३००० चा. कणकुंबीला ढग उतरला की डिपर आणि पिवळे फॉग, अप्पर अजिबात नाही. आंबोलीत चौकुळ-गेळ्याच्या बाजूला पावसाळ्यात याहून वेगळं काही चालत नाही. धुकं विरलं की फॉग बंद करा, ओल्या रस्त्यावर तेही समोरच्याला त्रास देतात.

बसवताना

एच४ हॅलोजनमध्ये दोन तारा असतात आणि डिपरच्या तारेखाली पत्र्याची छोटी वाटी असते. ती वाटी खालचा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्या भागातूनच झोत पडतो आणि वरची कड नीट कापली जाते. सगळं गणित त्या तारेच्या जागेवर आहे, मिलीमीटरभर इकडं-तिकडं झालं तरी झोत बिघडतो. एलईडी घेताना चिपा त्याच जागी आहेत का, त्या दोन बाजूंमधली पट्टी पातळ आहे का आणि डिपरच्या चिपेखाली वाटी आहे का, हे जुना बल्ब शेजारी धरून बघा. माझ्या पहिल्या एलईडीत पट्टी बोटाएवढी जाड होती. चोर्ल्यातला पडदा रंगानं कमी आणि त्या जाडीनं उधळलेल्या उजेडानं जास्त बनला होता.

बसवल्यावर चिपा डावी-उजवीकडे तोंड करून हव्यात, घड्याळात तीन आणि नऊच्या जागी. एच७ किंवा एच११ मध्ये त्या वर-खाली राहिल्या तर झोताचं वाटोळं होतं. बहुतेक बल्बांची कॉलर फिरवता येते. मागचा रबरी बूट परत बसतोय ना आणि पंख्याला हवा मिळतेय ना तेही बघा. बूट कापून "ॲडजस्ट" केलं की पहिल्या पावसात आत वाफ धरते.

कायद्याचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ मध्ये तेच उचलून धरलं. हॅलोजनच्या जागी त्याच मापाचा, त्याच वॅटचा हॅलोजन हा बिनकटकटीचा मार्ग. शिनोळी ओलांडून महाराष्ट्रात जा नाहीतर चोर्ल्यातून गोव्यात, कायदा तोच आहे.

भिंतीवर फोकस लावा

हे न करता गाडी रस्त्यावर काढू नका. रंग कितीही बरोबर निवडला तरी फोकस वर गेला की सगळं फुकट.

सपाट जागा आणि साधी भिंत शोधा. राईस मिलची किंवा गोदामाची भिंत उत्तम. टायरची हवा बरोबर, ड्रायव्हरच्या जागेवर कुणीतरी बसलेलं, लाईट खाली-वर करायचं चाक असेल तर ते शून्यावर. गाडी भिंतीपासून ५ मीटरवर सरळ उभी करा. हेडलाईटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीला चिकटपट्टी लावा. दुसरी पट्टी तिच्या ५ ते ७ सेंटिमीटर खाली. डिपर लावल्यावर उजेडाची वरची कड या खालच्या पट्टीवर यायला हवी. जीप किंवा पिकअपसारख्या उंच गाडीला, लाईट जमिनीपासून मीटरभराच्या वर असेल तर, ७ ते १० सेंटिमीटर ठेवा. आपण डावीकडून चालतो, म्हणून डाव्या बाजूला ती कड तिरकी वर चढलेली दिसेल. ती तशीच हवी, साईडपट्टी आणि फलक तिथूनच दिसतात. उजवीकडे चढलेली दिसली तर लाईटच उजव्या बाजूच्या वाहतुकीसाठी बनलेली, परत करा.

आणि कडच दिसत नसेल, नुसता गोल धुरकट डाग पडत असेल, तर स्क्रू फिरवत बसू नका. बल्ब त्या रिफ्लेक्टरला जमत नाही. केल्विन कितीही असो, काढा.

दोन रात्री चालवून बघा

एक कोरडी, एक पावसाची. कोरड्या रात्री ओळखीच्या रस्त्यावर जा आणि एखादा मैलाचा दगड, एखादं काळं जनावर, तांबडी साईडपट्टी किती अंतरावर ओळखू येते ते मनात मोजा. समोरून येणारे किती जण अप्पर-डिपर मारून तुम्हाला शिव्या घालतात तेही मोजा. दहा गाड्यांत तिघांनी मारला तर घरी येऊन परत भिंत. पावसाच्या रात्री लांब जायला नको, जांबोटीच्या अलीकडच्या झाडीत दहा किलोमीटर पुरे. बघायचं एवढंच: रस्त्याची कड सुटत नाही ना, आणि अर्ध्या तासानं डोळे चोळावेसे वाटतात का.

माझ्या गाडीत आज रिलेवर साधे ३२०० चे हॅलोजन आहेत आणि खाली पिवळे फॉग. मुलाच्या गाडीला प्रोजेक्टर आहे, त्यात ४३०० चे. तो अजून म्हणतो, "पप्पा, पिवळं दिसतंय ओ." जुलैत त्याला एकदा चोर्ल्यानं नेलं, येताना काही बोलला नाही.

काढलेले बल्ब फेकू नका. नव्या बल्बाच्या खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळून, एक जुना सुती हातमोजा आणि छोटा टॉर्च सोबत ठेवून डिकीत टाका. एलईडीचा पंखा जातो तेव्हा कणकुंबीत दुकान उघडं नसतं.